खिडकीतलं कॅरिबियन

आबा आणि बाळासो या दोघांनी मिळून एस.टी.चे जेवढे टायर झिजवले, तेवढ्या रबरात कोल्हापूर-गारगोटीचा सगळा रस्ता गुंडाळून माळ्यावर ठेवता आला असता. बाळासो ड्रायव्हर, आबा कंडक्टर. आबांनी दोरी ओढून डबल बेल दिल्याशिवाय बाळासो गाडी तसूभर हलवायचा नाही. एकदा भुदरगडाकडच्या पावसात ती दोरीच तुटली आणि गाडी भर ओढ्यात उभी राहिली. पाणी पायऱ्या चढून पहिल्या सीटवर बसलं, माणसं टपावर गेली, तरी बाळासो स्टिअरिंग धरून आपला ढिम्म. "बेल कुठाय?" म्हणाला. शेवटी आबांनी तिकिटाचा पंच दांडीवर दोनदा आपटला, तेव्हा कुठं गाडी पाण्याबाहेर आली. मागच्या चाकात दोन मरळ मासे अडकले होते आणि त्यांचं अर्धं तिकीट फाडलं होतं, असं आबा सांगायचे. खरंखोटं गारगोटीकरांना ठाऊक.

रिटायर झाल्यावरही जोडी फुटली नाही. रंकाळ्याच्या अलीकडच्या गल्लीत दोघांची घरं समोरासमोर. गल्ली एवढी अरुंद की आबांच्या चहात साखर कमी पडली तर बाळासोच्या पुढच्या सोप्यातनं चमच्यानं टाकता आली असती. बाळासो माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी त्याच्या कानात सांगितलेली गोष्ट दुपारी मटणमार्केटात पोचायची, आणि तीही दोन तुकडे जास्त घालून.

२००८ सालच्या पावसाळ्यात अमेरिकेतनं आबांच्या पोराचा, प्रसेनजीतचा फोन आला. कंप्युटर इंजिनेर झालेला गल्लीतला पहिला पोरगा तो. जयंतीच्या भाषणात आबा त्याचं नाव दोनदा तरी घ्यायचेच. तो म्हणाला, "आबा, डिसेंबरात आपण सगळे बार्बाडोसला जाऊ. कॅरिबियन बेट आहे. तुम्ही, आई, मी, दीक्षा आणि श्रुती. तुम्ही नुसतं यायचं."

दीक्षा म्हणजे सून आणि श्रुती म्हणजे नात. चार वर्षांची झाली होती आणि आजीनं तिला फोटोबाहेर कधी बघितलं नव्हतं. आबांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी बेटाचं नावसुद्धा विचारलं नाही. ट्रंकेतली मऊ लुगडी काढली आणि नातीच्या मापाची वाकळ शिवायला घेतली.

त्यानंतर दर इतवारी फोन यायचा, आणि फोन खाली ठेवायच्या आत बाळासो उंबऱ्यात हजर असायचा.

"काय म्हणालं पोरगं?"

"समुद्राला लागून आख्खा बंगला घेतलाय. त्येला व्हिला म्हणत्यात."

"आनि?"

"बंगल्याला आपला आपला पोहायचा हौद. त्येला एका बाजूनं काठच न्हाय. पाणी थेट समुद्रात गेल्यागत दिसतंय."

"म्हंजे कठडा पडलाय. म्युन्शिपाल्टीला कळवा म्हणावं. आनि?"

"बटलर हाय एक. रोज सकाळी येऊन विचारणार, साहेब, आज काय खाणार?"

"त्यात काय नवल! बनी मला रोज इचारती की. आनि मग तिला पायजे त्येच करती."

आतून बाळासोची बायको बनाबाई ओरडली, "ऐकाय येतंय हितं!"

बाळासोनं पोराचा, ऋतुराजचा, शाळेतला नकाशा काढून आणला. बेट सापडायला भिंग लागलं. खाली बारीक अक्षरात पीक लिहिलेलं होतं : ऊस.

"ऊस?" बाळासो हबकला. "आरं कंडक्टर, ऊस बघाय एवढ्या लांब जातोयस? शिरोळला जा की. सांच्याला परत येशील."

हसता हसता त्याला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. त्या वर्षी तो खोकला त्याच्या छातीत मुक्कामाला आला होता. पायावर सूज दिसायची. आबा म्हणायचे, दाखव कुणाला तरी. तो म्हणायचा, "इंजन जुनं झालं की धूर मारतंय. तू जाऊन ये. तिथलं पाणी चाखून बघ आनि मला सांग, आपल्या मालवणासारखंच खारट हाय का कसं."

ऋतुराजचं चौकात डिजिटल फ्लेक्सचं दुकान होतं. कोल्हापुरात त्या काळात माणसाचा वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर मोटरसायकल घेतलेली असो, फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं कुणी धरायचंच नाही. मग आबांचा परदेश दौरा बिनफ्लेक्सचा कसा जाणार? दौऱ्याच्या आठवडाभर आधीच चौकात दुमजली फलक चढला. निळाशार समुद्र, नारळीची झाडं, आणि मधोमध आबा नि शेवंताबाई. आबांच्या मुंडक्याखाली कुणाचातरी कोट, डोळ्यांवर कंप्युटरनं घातलेला काळा चष्मा. वर लिहिलेलं : 'आमचे मार्गदर्शक आबासाहेब यांना कॅरिबियन बेटाच्या अभ्यासदौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुकांत पहिला फोटो बाळासोचा, ड्रायव्हरच्या खाकी कपड्यात. तोच मजकूर फोटोसकट पेपरातही आला. गल्लीचे पुढारी गणपतराव यांनी शाल, नारळ, फेटा देऊन सत्कार केला आणि वीस मिनिटं भाषण ठोकलं. त्यातली पंधरा स्वतःविषयी होती.

निघायच्या सकाळी हलगी लावून आबांना स्टँडवर नेलं. मुंबईची आराम बस सुटताना खिडकीखाली बाळासो उभा होता. तेवढं चालूनही त्याला धाप लागलेली.

"कंडक्टर, आज पॅशिंजर झालास. पण बेल तूच मार. त्याबिगर मी सोडत न्हाय गाडी."

आबांनी खिडकीच्या काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. बाळासोनं बसच्या पत्र्यावर थाप मारली आणि बस सुटली.

कऱ्हाडच्या पुढं ढाब्यावर गाडी थांबली तेव्हा आबांच्या खिशातला मोबाईल वाजला. प्रसेनजीत होता.

"आबा, परत फिरा. नोकरी गेली माझी. अर्ध्या ऑफिसची गेली. सामानाचं खोकं हातात दिलं आणि दारापर्यंत पोचवलं. बेटावरचं सगळं रद्द केलंय."

"जेवलास का?" आबांनी विचारलं.

"आबा, एक ऐका. कुणाला सांगू नका. दुसरी मिळेपर्यंत तरी. मला फार..."

शेवंताबाई शेजारीच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, वाकळीची पिशवी उराशी धरली आणि एवढंच म्हणाल्या, "आता जायाचं कुठं?"

जायचं कुठं, हा खरोखरचाच प्रश्न होता. गारगोटीला शेवंताबाईंचा भाऊ होता, राधानगरीला मावसबहीण. पण पेपर तिथंही गेला होता. ज्या ज्या घरात चहाबरोबर पेपर वाचला जातो, तिथं तिथं आबा त्या दिवशी काळा चष्मा लावून समुद्रावर उभे होते. सगळ्या जिल्ह्यात त्यांना टेकायला एकच जागा उरली, ती म्हणजे स्वतःचं कुलूपबंद घर.

ते लाल एस.टी.नं परत आले. सगळ्या जन्माचा कंडक्टर, पण ओळखीचा कंडक्टर भेटेल म्हणून मफलरनं तोंड बांधून, मागच्या सीटवर खाली मान घालून बसला. संध्याकाळी लोडशेडिंगची वेळ गाठून, सगळी गल्ली अंधारात असताना, दोघं नाल्याकडच्या मागच्या दारानं घरात शिरले. पुढच्या दाराला सकाळी गल्लीच्या साक्षीनं लावलेलं कुलूप तसंच लटकत होतं.

"दौरा पुरा होईस्तवर आत ऱ्हायाचं," आबा कुजबुजले. "मग एक दिवस बॅगा घेऊन पुढच्या दारानं यायचं."

"बाळासो भावजींना तरी सांगा."

"त्येला? त्यापरीस फ्लेक्सच लावतो की!"

असा आबांचा कॅरिबियन मुक्काम सुरू झाला. दिवा लावायचा नाही, नळ जोरात सोडायचा नाही, कुकरची शिट्टी नाही. बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्तीही शेवंताबाई नुसती ठेवायच्या, पेटवायच्या नाहीत. नातीसाठी घेतलेलं भडंग दोघं भिजवून खात, कारण कोरडं चावलं तर आवाज व्हायचा. फोडणी तर नाहीच. कोल्हापूरच्या माणसाला चटणीच्या फोडणीशिवाय ठेवणं म्हणजे माशाला दोरीवर वाळत घालणं.

पुढच्या खोलीची खिडकी गल्लीवर होती. झडप लावली तरी खालची एक फट उरायची. आबा त्या फटीशी पाट घेऊन बसायचे. तिथून बाळासोच्या सोप्यातली कॉट दिसायची.

दुसऱ्याच दिवशी ती कॉट भरली. स्टँडवरनं आला तो बाळासो पडलाच होता. त्याला दवाखान्यात नेला, आणि तिथनं संध्याकाळी परत आणला. बनाबाईचा आवाज आला, "घरी न्या म्हणाले. पेज द्या, आराम द्या." पुढं ती गप्प झाली. आबांनी एवढी वर्षं माणसांचे चेहरे बघून तिकिटं फाडली होती. त्या गप्प होण्याचा अर्थ त्यांना कळला.

बाळासोनं डोळे उघडले की एकच विचारायचा, "आबा कवा येतोय?"

"आलं की. इतवारी येत्यात," बनाबाई म्हणायची.

फटीमागं आबा पाटावरनं उठायचे आणि पुन्हा बसायचे.

"जावा की," शेवंताबाई कानाशी म्हणाल्या. "मागल्या दारानं जावा."

"आनि काय सांगू?"

"काय सांगू नगा. नुसतं बसा जवळ."

"पोराचं नाव जाईल, शेवंता. दौरा का मोडला म्हणून सगळी गल्ली इचारंल. गणपतराव सगळीकडं बोंबलत फिरंल. म्हणंल, एवढं नाचत होते, बघा आता."

"पोराचं नाव पोराजवळ हाय. हितं मानूस चाललंय."

"इतवार लांब न्हाय. तेवढं धरंल तो. गडी काटक हाय."

शेवंताबाई आत गेल्या. थोड्या वेळानं घरात असा काही वास उठला की आबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाच्या भरात म्हणा, नाहीतर जीव विटला म्हणून म्हणा, बाईंनी तव्यावर सुकट टाकली होती. वर लसणाची चटणी. तो वास झडपेच्या फटीतनं बाहेर पडला, गल्ली ओलांडून गेला आणि थेट बाळासोच्या कॉटवर जाऊन बसला. दोन घरं पलीकडं कुणीतरी शिंकलं. गणपतरावांचा आवाज आला, "सुकट कुठली रं ही? बंद घराकडनं यायलीया."

आबांनी तवा उचलून पाण्यात बुडवला. चर्र झालं. ते तसेच तवा धरून उभे राहिले.

समोरनं बाळासो ओरडला. तेवढ्या ओरडण्यानंही त्याला दम लागला. "बने! अगं सुकट करपली की आपली! बघ जरा!"

"सुकट? आपल्यात कुठली..."

"आपल्याच चुलीवर हाय. बघ म्हणतो न्हवं? आनि उद्यापासनं रोज भाज. सांजसकाळ भाज."

"अवो, डाक्टरनी पेज सांगितलीया."

"डाक्टरला पेज घाल. मला सुकट भाज."

आबांना त्याही परिस्थितीत हसू आलं. मरायला टेकला, पण जीभ हटत नाही गड्याची. त्यांना वाटलं, वाचलो. त्या दिवसापासून समोर दोन्ही वेळा सुकट भाजली जायची आणि तिच्या धुराआड शेवंताबाई निवांत फोडणी द्यायच्या. बाळासो मात्र ती खाताना आबांना फटीतनं एकदाही दिसला नाही. ताटली तशीच परत जायची.

आणखी एक गोष्ट आबांच्या ध्यानात आली. त्या दिवसापासून बाळासोनं 'आबा कवा येतोय' हे विचारणं बंद केलं. उलट कुणी समाचाराला आलं की बजावायचा, "आबाला फोन करून माझं सांगू नगा. त्येची ट्रिप पुरी होऊ द्या." आबांना बरं वाटलं आणि आत कुठंतरी लागलंही. विसरला की काय आपल्याला?

संध्याकाळी गल्ली जरा शांत झाली की बाळासो बोलत सुटायचा. उशाला पाठ लावून, तोंड गल्लीकडं करून, थांबत थांबत. ओढ्यातली गाडी. आदमापूरच्या यात्रेत टपावर चढलेली मेंढरं. एका बाईचं बाळंतपण गाडीतच झालं, तेव्हा आबांनी पोराचं तिकीट फाडायचं नाकारलं होतं. सगळं जुनं, सगळं दोघांचं.

"कुणाला सांगताय ह्ये?" बनाबाई विचारायची. "मला पाठ झालंय की."

"भितीला सांगतोय. भीत गुणाची हाय. मधी बोलत न्हाय."

आबा फटीला कान लावून ऐकायचे. मरळ माशांचा किस्सा आला तेव्हा बाळासो म्हणाला, "मासं दोन न्हवतं. एकच होता." आबांना वाटलं, झडप ढकलावी आणि ओरडावं, दोनच होते, फोकलीच्या! त्यांनी मूठ तोंडात घातली.

शनिवारी आवाज खूप खाली गेला. दिवस मावळायला आलेला, गल्लीत पोरं घरी पळालेली. बाळासोनं मान गल्लीकडं वळवली. डोळे सरळ त्या खिडकीवर होते. तो म्हणाला, आणि हे मात्र स्वच्छ ऐकू आलं, "कंडक्टर, गाडी भरली. बेल मार की."

बनाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "वाताच्या भरात बोलायलेत," असं ती कुणालातरी म्हणाली.

खिडकीच्या गजापासून आबांचं बोट वीतभर अंतरावर होतं. दोनदा टकटक. एवढंच. पेरानं वाजवलं असतं तरी पलीकडं गेलं असतं. शेवंताबाई मागं उभ्या होत्या. पण त्याच वेळी खिडकीखालनं कुणाच्यातरी चपला फरफटत गेल्या, गणपतरावांच्या असतील नसतील, आणि आबांचा हात खाली आला.

"उद्या इतवार," ते म्हणाले. "उद्या सकाळीच."

उद्या सकाळी बनाबाईच्या हंबरड्यानं गल्ली जागी झाली.

आबांनी बॅग घेतली नाही, मफलर बांधला नाही. बनियनवरच मागचं दार उघडलं. आता गेलं तर गेलं नाव, असं म्हणून ते निघाले, तर नाल्याच्या कडेला ऋतुराज उभा होता. डोळे सुजलेले. आबांना बघून तो दचकला नाही. त्यानं आपल्या हातातला सदरा त्यांच्या अंगावर चढवला आणि त्यांच्या दंडाला धरून गल्लीच्या तोंडाशी आणलं.

"आबा आले!" तो मोठ्यानं म्हणाला. "मी फोन केलता. सगळं टाकून आले. विमानातनं उतरून थेट!"

मग एक म्हातारी रडायला लागली. "दोस्तासाठी समुद्र वलांडून आलं गं माणूस!" लोकांनी वाट करून दिली. गणपतरावांनी स्वतः आबांचा हात धरला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

आबांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं की मी इथंच होतो. ऋतुराजनं त्यांचा दंड दाबला. "आमच्या दादांनी जायच्या आधी तसं सांगून ठेवलंय," तो कानाशी पुटपुटला. "त्येंचं एवढं तरी ऐका."

पुढचा खांदा आबांना दिला. तिरडी उचलताना त्यांनी बांबूवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. एकदा नव्हे, रस्ताभर वाजवत राहिले. चौकातल्या निळ्या समुद्राखालनं बाळासोची शेवटची फेरी गेली. वरनं काळ्या चष्म्याचे आबा बघत होते.

रक्षा सावडून झाल्यावर पाव्हणं पांगलं, तेव्हा बनाबाईनं आबांपुढं चहा ठेवला. ती रागावली असती तर आबांना सोपं गेलं असतं.

"भावजी, सुकटीचा वास आला त्याच दिवशी त्येनी वळखलं. म्हणाले, आबा घरातच हाय. काय तरी इपरीत झालंय पोराचं, त्याबिगर तो लपायचा न्हाय. कुणी दार वाजवायचं न्हाय. आनि रोज सुकट भाज, म्हंजे वैनींना फोडणी देता येईल." तिनं नाक पुसलं. "मला वासानं मळमळायचं. त्येंना तर जास्तीच. ह्या जन्मात त्येंच्या पोटात एवढी एकच गोष्ट ऱ्हायली बघा."

आबांनी बशी खाली ठेवली.

"शनवारी तेवढं म्हणाले, बेल मारंल तो. लई वेळ कान लावून बसले." तिनं समोरच्या खिडकीकडं बघितलं. "न्हाय मारली?"

आबा आपल्या बोटाच्या पेराकडं बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

प्रसेनजीतला पुढं दुसरी नोकरी लागली. श्रुती दोन वर्षांनी कोल्हापुरात आली, तेव्हा ती वाकळ तिला आखूड झाली होती. पण ते सगळं नंतरचं. त्याच आठवड्यात गणपतरावांनी चौकातला जुना फलक काढला आणि नवा चढवला. एका बाजूला बाळासो खाकीत, दुसऱ्या बाजूला आबा, मागं समुद्र आणि विमान. वर मोठ्या अक्षरात : 'मित्र असावा तर असा! जिवलगासाठी कॅरिबियन सोडून धावत आलेले आबासाहेब.' शाळेत गुरुजी पोरांना तो किस्सा सांगू लागले. जयंतीच्या भाषणात आबांनी बोलायला नकार दिला, तर लोक म्हणाले, बघा किती विनय.

आबा दूध आणायलाही चौक टाळून नाल्याकडनं जायचे. मागच्या दाराचीच त्यांना सवय लागली होती. तरी कुणीतरी गाठायचंच.

"आबा, सांगा की जरा, कसं हाय कॅरिबियन?"

ज्या माणसानं दोन माशांची अर्धी तिकिटं फाडली होती, तो खाली बघून म्हणायचा, "खोली बरी होती. खिडकी होती एक."

"खिडकीतनं काय दिसायचं?"

"दिसायचं थोडंच. ऐकाय यायचं सगळं."

"समुद्र व्हय?"

आबा दुधाचं भांडं या हातातनं त्या हातात घ्यायचे. मग म्हणायचे, "व्हय."